कडब्याची भिंत

अप्पा, मालकांच्या शेतात सध्या सिनेमाचं शूटिंग चाललंय. मोठा ऐतिहासिक सिनेमा आहे, कन्नडमधला. ज्वारीच्या कडेला प्लायवूडची वेस उभी केलीय, घोडे आणलेत, आणि आपल्या गल्लीतली निम्मी माणसं भाले धरून सैनिक झालीत. गोष्ट एका राजपुत्राची आणि त्याचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराची, त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रीची. मोतद्दार आपल्याकडची मराठी बोलतो. त्याची वाक्यं लिहायला आणि गावातली माणसं जमवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. "आमच्या गड्याची पोरगी हाय, बीए झालीया, कानडी-हिंदी फाडफाड बोलती," असं मालकांनीच दिग्दर्शकांना सांगितलं. आपल्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी लिहिण्याचं काम मिळालं, याचाच मला इतका आनंद झाला की बाकी काही मनात आलं नाही.

मग एक दिवस चहा पिताना मालक त्या सगळ्यांना म्हणाले, "तुमचा सिनेमा आत्ता निघाला. आम्ही दोघं खरंच तसे व्हतो. दर येळवशीला मी आन् हिचा बाप एकाच कोपीत जेवायचो. सांग की गं ह्यायला!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपली माणसंही भाले टेकवून ऐकत होती. हो म्हणावं तर तुमच्याबद्दल खोटं बोलल्यासारखं होतं, नाही म्हणावं तर म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान, आणि शेत त्यांचं, म्हणजे सगळ्यांचं काम त्यांच्या शब्दावर. शेवटी मी म्हणाले, "जेवायचे. पण मधे कडब्याची भिंत असायची."

ती भिंत मला अजून दिसते. येळवशीच्या अमावास्येला, उभ्या पिकाच्या पूजेला, सगळं गाव शेतात जेवायला. कडब्याच्या कोपीत मालक, त्यांचे पाहुणे, शेंगा-पाल्याच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं. कोपीच्या मागच्या अंगाला तुम्ही आणि मी, मांडीवर ज्वारी-बाजरीचे उंडे घेऊन बसलोय. पेंढ्यांमधून मालकांचा आवाज येतो, "गड्या, किती खातूस? बैलाला ठिव की." आणि तुम्ही तोंडातला घास न गिळताच म्हणता, "बैल तर तिकडल्या अंगाला बसलाय, मालक." पलीकडं हसू फुटतं, मालकांना ठसका लागतो. समोरासमोर तुम्ही त्यांच्याशी असं कधीच बोलला नाहीत. मी विचारलं होतं, "अप्पा, आपण हितं कामून बसलाव?" तुम्ही म्हणालात, "तिकडं वारं लागतंय."

मला वाटलं होतं, भिंत म्हटल्यावर तिथं शांतता पसरेल. दिग्दर्शकांनी टाळी वाजवली. म्हणाले, हेच पाहिजे! राजपुत्र ती भिंत स्वतःच्या हातानं फाडेल आणि मोतद्दाराला जवळ घेईल. मालकांचे डोळे भरून आले. आपल्या गल्लीतले सैनिकसुद्धा माना डोलवायला लागले. आणि मला सांगितलं, भिंत पडल्यावर मोतद्दार काय म्हणतो ते सकाळपर्यंत लिही.

अप्पा, भिंत पडल्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला माहीत आहे. एका येळवशीला बैलानं दावं तोडलं आणि कोपीचा कडबा ओढून खाल्ला. पेंढ्या कोसळल्या, आणि तुम्ही दोघं एकदम समोरासमोर आलात, दोघांच्याही हातात घास. तुम्ही ताडकन उठलात. "बैल धरतो, मालक," म्हणालात, आणि हात धोतराला पुसत निघून गेलात. त्या दिवशी परत जेवायला आला नाहीत. मी उरलेले उंडे फडक्यात बांधले. पुढच्या येळवशीला मालकांनी भिंत दाट बांधून घेतली, आणि पलीकडून पुन्हा तुमची थट्टा सुरू झाली.

मी तेच वाक्य लिहून दिलं. दिग्दर्शक समजावत म्हणाले, इथं बैल कशाला? माणसं रडली पाहिजेत. मालकांनी ऐकलं. संध्याकाळी मला बांधावर गाठून म्हणाले, "भिंत पडली तवा मी बस म्हणलं व्हतं त्याला. तू व्हतीस तिथं. म्हणलं व्हतं का न्हाई?"

"म्हणला व्हता, मालक."

"मग तो बसला कामून न्हाई?"

कॉलेजात समतेवर भाषण करून मी बक्षीस मिळवलं होतं. पण "एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाच कामून म्हणला" एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते खरंच दुखावले होते. इतकी वर्षं हा प्रश्न घेऊन फिरत होते, आणि तुमच्या माघारी उत्तर द्यायला आता फक्त मी उरले होते. "घरी जा, मालक, गार वारं सुटलंय," एवढंच म्हणाले. मीही वाऱ्याचंच कारण पुढं केलं.

सकाळी मी नवं वाक्य दिलं. राजपुत्रानं पेंढ्या उपसून फेकल्या आणि बस म्हणाला. मोतद्दार म्हणाला, "बसतो." तीन वेळा शूटिंग झालं. हे पत्र मी तुम्हाला वाचून दाखवू शकले असते, तर एवढं शेवटचं गाळलं असतं. तो नट मांडी घालून बसला, त्यानं समोरच्या ताटात हात घातला, आणि मी तोंडावर ओढणी धरून रडले. असं कधीच झालं नव्हतं हे मला माहीत होतं. तरी तिन्ही वेळा मी बघत राहिले. मला ते बघायचं होतं, अप्पा.