उठवणारं माणूस

बाबा, तू गेल्यावर मी अँब्युलन्स चालवायला लागलो, हे तुला ठाऊकच नाही. आत्ता दुपारी चेण्याच्या फाट्यावर गाडी लावलीय. कॉल नाही. मागच्या बाकावर आमच्या डॉक्टर मॅडम झोपल्यात, म्हणून मी जागा. बदलीची माणसं आली नाहीत की कालची ड्युटी आजही चालूच राहते. मग आम्ही आळीपाळीने झोपतो. एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने फोन हातात धरून बसायचं. उठवताना "उठा" म्हणायचं नाही, नुसता पत्ता सांगायचा. "बेव्हर्ली पार्क, छातीत दुखतंय," एवढं कानावर पडलं की मॅडम ताडकन उभ्या. स्ट्रेचर रिकामं असतं, ऐसपैस असतं, पण त्यावर आमच्यातलं कुणी मेलं तरी झोपत नाही.

मिठागरात तू असाच पडायचास, बांधावर, तोंडावर पंचा टाकून. शाळेतून येताना मला लाज वाटायची. सगळ्यांचे बाप कामात आणि माझा घोरतोय! एकदा गदागदा हलवलं, तर केवढा भडकलास. "पहाटपासून खपलोय, निजूं दे रं! पानी बघाला तुझा काका हाय नं जागा!" मी दिवसभर फुगून बसलो होतो.

गेल्या आठवड्यात पेशंटला हॉस्पिटलात पोचवून परत येताना सिग्नलला माझा डोळा लागला. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. नशीब, गाडी उभी होती. मॅडमनी गाडी बाजूला घ्यायला लावली, किल्ली काढून घेतली. "आधी झोपा. मी बसलेय इथे." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण काय गाढ झोपलो!

घरी मात्र झोप लागत नाही, बाबा. बायको वारली, पोरगी लग्न होऊन डोंगरीला. "या की इकडे राहायला," म्हणते. मी म्हणतो, बघू. घर खायला उठतं. डोळे मिटले की भीती वाटते, आपण उठलोच नाही तर कळणार कुणाला?

हे लिहिलेलं धाडणार तरी कुठे, मोबाईलमध्येच राहील. परवा माझी सुट्टी होती. तरी भरदुपारी फाट्यावर आलो. ड्युटीवरच्या ड्रायव्हरला म्हटलं, "घर की लाईट गयी है, इधर थोडा सो जाऊं?" तो म्हणाला, "सो जा ना भाई, कॉल आया तो उठा दूंगा."

लाईट गेली नव्हती, बाबा.