मामंजींची कडकट्ट

४ फेब्रुवारी १९४९
पेपरात बातमी. विमान चालवणाऱ्यांच्या लायसनचा नवा कायदा येतोय, परदेशातही चालेल अशा दर्जाचा. मसुदा निघाला. ह्यांचं लायसन जुनं, संस्थानी काळातलं. पुन्हा परीक्षा! ह्यांनी पेपर घडी करून उशाखाली सारला. जेवले मात्र नीट.

९ फेब्रु.
कायद्याआधीच परीक्षा घेणार म्हणे; विषयांची यादी आली. हवामान, नकाशे येतात. अडलं मोर्सपाशी, तारेच्या त्या बिंदू-रेघांच्या लिपीपाशी. दिव्याच्या उघडझापीतून निरोप वाचायचा. आणि घरात मामंजी, जन्मभर तारमास्तर! पण हे तारखात्यातली नोकरी सोडून विमानाकडे गेले, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. "सूनबाई, त्याला सांग, नळ आलाय." हे समोरच बसलेले.

१२ फेब्रु.
ह्यांना म्हटलं, विचारा ना मामंजींना. चिडले की ह्यांची हिंदी सुरू, "मर जाऊंगा, पूछूंगा नहीं."
बरं. मीच गेले. "मामंजी, मला शिकवा." चष्मा पुसला, अडकित्ता घेतला, पाटावर सुरू. कडकट्ट, कडकट्ट, अगदी तारेच्या यंत्रासारखं. कणीक तशीच राहिली.

२० फेब्रु.
आज एका अक्षरावर अडले. आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज, "अगं, रेघ-बिंदू-रेघ!" साफ चूक. मामंजी भिंतीकडे बघून, "सूनबाई, त्याला म्हणावं, चुकायचं तर समोर येऊन चूक."
आले! पाट घेऊन बसले. मला हसू आवरेना, स्वैपाकघरात पळाले.

६ मार्च
संध्याकाळी रामघाटावर. मामंजी अलीकडे बॅटरी घेऊन, हे दुसरी घेऊन क्षिप्रा नदीच्या पलीकडे. घाटावरचे पंडे जमले. "बाबूजी, ये क्या चल रहा है?" मामंजी म्हणाले, "मेरा लड़का पायलट है. इम्तिहान है उसका." मी ऐकतच राहिले.
मग बॅटरी उघडझाप. मलाही आता येतं वाचता. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी: दत्तू, दमलास का.
पलीकडची बॅटरी दोनदा अर्ध्यावर अडखळली. मग: नाही बाबा.
मामंजी म्हणे धूर गेला डोळ्यांत. धूर कुठला!

१९ मार्च
हे दिल्लीला गेले परीक्षेला. स्टेशनवर मामंजींनी स्वतः बिछाना चढवला. "घाई करू नकोस. आधी पूर्ण वाच, मग लिही." हे वाकले, पाया पडले. गाडी हलली तरी दोघांचं बोलणं चालूच.

२ एप्रिल
निकाल नाही. कायदाही अजून मंजूर नाही. हे म्हणतात पेपर बरा गेला, मोर्सचं सांगता येत नाही. मामंजींना त्याचं काही नाही. दुपारी हळूच विचारत होते, "सूनबाई, दत्तूच्या विमानात बसायला धोतर चालतं का गं, की पायजमा शिवून घेऊ?"