डाव्या पायाचा बूट

९ नोव्हेंबर

पडले नाही. पण थोडक्यात वाचले.

पाठीच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा सायकल घेऊन पाषाणच्या टेकडीवर गेले. चढ जमला. उतारावर दगडांची वाट लागली, दोन-तीन दणके बसले आणि डावा पाय पेडलवरून सटकला. सटकला हे कळलं कधी? पेडल नडगीवर आदळलं तेव्हा! तळव्याला काही कळतच नाही. मणक्यात नस दाबली गेली तेव्हापासून तो बधिर आहे. डॉक्टरांनी नस मोकळी केली, पण संवेदना परत येईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले.

पायात जुने पळायचे बूट होते. मऊ तळ, पेडलवर नुसता वाकतो. नवऱ्याला सांगितलं नाही. घरातही पूर्ण पायांची पँट घालून बसले आहे.

१० नोव्हेंबर

संपतने नडगी पाहिलीच. बर्फाची पिशवी आणून दिली.

१४ नोव्हेंबर

ऑफिसमधला दिग्विजय आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांपैकी. त्याच्या मते उपाय सोपा आहे – क्लीटचे बूट. तळाला धातूचा खटका असतो, तो पेडलमध्ये अडकतो, मग पाय सुटायचा प्रश्नच नाही. त्याच्याच सांगण्यावरून सदाशिव पेठेत बद्रीनाथांच्या दुकानात गेले. जरा चालून बघू का विचारलं तर म्हणाले, "बाई, यात चालायचं नसतं. चालायचं असेल तर समोर चपलांचं दुकान आहे."

घेतले. काळे, एकदम ऐटबाज. घरी पलंगावर बसून दोनदा घालून पाहिले.

१६ नोव्हेंबर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपटले. चालत्या सायकलवरून नाही, उभ्या! खटका सोडवायला टाच झटकन बाहेर वळवावी लागते. उजवीला जमतं. डावा घोटा ऐकतच नाही. सायकल थांबली, पाय अडकलेला, आणि मी पोत्यासारखी आडवी.

संपत धावत आला, हाताने खटका सोडवला. घरात आल्यावर म्हणाला, "विकायची का सायकल?"

रागाने नाही विचारलं. म्हणून जास्त लागलं.

१७ नोव्हेंबर

यवतमाळहून आईचा फोन. जावयाने कळवलेलं दिसतंय. "कायले पायजे तुले डोंगरावर सायकल? चालता येते ना तुले? तेवढं पुरे नाही काय?"

नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला.

पुरे नाही. चालताना मी सतत खाली बघते. पाय टेकला की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. गेले कित्येक महिने मी पुण्याच्या फरशा बघते आहे. सायकलवर मान वर असते. झाडं दिसतात, माणसं दिसतात. आईला हे फोनवर कसं सांगणार?

२२ नोव्हेंबर

संपतला ते फरशांचं सांगितलं. चहा गार होईपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, आधी का नाही बोललीस. मला तरी आधी कुठे माहीत होतं!

दुपारी शेफालीकडे व्यायामाला. फिजिओथेरपिस्ट असून तिला सायकलचं काडीचं प्रेम नाही. पण तिने पाय तपासून सांगितलं की घोट्याची ताकद बेताची, मांडी-गुडघ्याची चांगली. परतताना रिक्षात डोक्यात आलं – मग घोटा वळवायला लावणारा बूट हवाच कशाला? पेडलला नुसता चिकटून राहणारा हवा. वाटलं तेव्हा गुडघ्यातून पाय उचलला की सुटला!

२९ नोव्हेंबर

पुन्हा बद्रीनाथ, या वेळी संपतही बरोबर. क्लीटचे बूट परत घ्यायला नकार. "लग्नाचा शालू आणि वापरलेला बूट आम्ही परत घेत नाही." दिग्विजय घेणार आहे त्याच्या बहिणीसाठी, तेव्हा सुटले.

मला हवे तसे बूट निघाले – सपाट, चिकट रबराचा तळ, हाताने वाकवला तरी वाकत नाही असा. घोट्यापाशी जरा उंच. दिसायला अगदीच भोपळे. पण माप? उजव्या पायाला कळलं, बरोबर. डावा घट्ट आहे की सैल, मला सांगता येईना.

संपत गुडघ्यावर बसला. शाळेच्या बुटांचं माप बघतात तसं अंगठ्याने पुढचं टोक दाबलं. टाचेत बोट घालून पाहिलं. "पुढे थोडी जागा आहे, टाच हलत नाही. हाच घे," म्हणाला. बद्रीनाथांनी बिल करायला घेतलं.

७ डिसेंबर

गेले! तीच दगडांची वाट. डावा पाय पेडलवर जसा ठेवला तसा राहिला. एका वळणावर घाबरले, गुडघ्यातून पाय उचलला, जमिनीवर टेकला, उभी राहिले. पडले नाही. हे किती साधं वाटतं लिहिताना.

संपत खाली गाडीपाशी पेपर घेऊन उभा होता. पेपर उलटा होता.

१३ डिसेंबर

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर – बूट मोठे आहेत काय?

२१ डिसेंबर

टेकडीवरून उतरताना बुटात काहीतरी टोचायला लागलं. वैतागून थांबले, उजवा बूट काढून झटकला. काही नव्हतं.

खडा डाव्यात निघाला.