विटेवरचं कुंकू

शुक्रवार, सदाशिव पेठ

आज प्रयोगशाळेत सहकारी देशपांड्यांचा मी ओठ फोडला. उसाच्या राखेची आमची वीट बाहेर पाठवून सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या प्रखर क्ष-किरणांखाली तपासून घेतली, तर शिसं निघालं. तेही फक्त वरच्या थरात. दसऱ्याला मीच तिला घरचं कुंकू लावलं होतं.

"अहो, पुढच्या वेळी नारळही फोडा," देशपांडे म्हणाले आणि माझा हात सुटला. पन्नाशीला आलेला माणूस मी!

घरी हिने दार उघडलं. कपाळावर तेच कुंकू, इतकी वर्षं... तळव्याने मी ते खसाखसा पुसलं. ती किंचाळली, "अहो, तुम्ही जिवंत असताना?"

शिशाचं सांगितलं. रडतच म्हणाली, "मग देवीचंही पुसा."

तिथे हात उचलवेना.