पास्कूकाकांचा ग्लास

मंगळ, ७ जाने.
हॉटेलच्या शेठना महिनाअखेर मासळी आणि वाईनचा मेनू हवाय. बाटली आली. थंड मुलखातली शार्डने, पांढरी वाईन, लाकडाच्या पिंपात न ठेवलेली. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओला खडू. जीभ लख्ख होते. पण हॉटेलच्या पापलेटशी काही जमेना. किचनमधला मेल्विन म्हणाला, उत्तनला चल, माझ्या आईच्या हातचे बोंबील खा, मग बोल.
घरी आईने पिशवीतली बाटली पाहून नाक मुरडलं. म्हटलं, माझ्या नाकावर घर चालतंय, आई.

गुरु, ९ जाने.
उत्तन, दुपारी. मेल्विनची आई, फिलूमावशी. तिचे यजमान पास्कूकाका गेल्या जानेवारीत समुद्रावर गेले. होडी सापडली, ते नाही. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मावशी अजून रोज त्यांचं ताट वाढते. रविवारी वर्ष होतंय, त्यांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा आहे. मावशी मोठ्या मिनतवारीने तयार झालीय. आता तरी ताट थांबेल, असं मेल्विनला वाटतंय.
मावशी म्हणाली, "त्यालापन ओत." ओतली. चार ग्लास, बाटली एकच.
कुरकुरीत बोंबलाबरोबर... वा! तेलकटपणा जातो, माशाची गोडी राहते. नारळाच्या कालवणापुढे मात्र पाणचट. लिहिता लिहिता हाताला लागला तो ग्लास उचलला. आम्हा वाईन चाखणाऱ्यांची सवयच अशी की नाकाला जे पहिलं येईल ते मोठ्याने बोलायचं, विचार नंतर. बोललो, "डिझेल. ओलं जाळं. विडी, लवंग घातलेली."
मावशीच्या हातातला वाढायचा डाव खाली पडला. माझ्या हातात काकांचा ग्लास होता.
बस स्टॉपवर मेल्विनने सांगितलं. काका विडीत लवंग खोचायचे.

शुक्र, १० जाने.
झोप नाही. अंगणात जाळी वाळत होती, होडीचं डिझेल शेजारीच, ते धरून चालू. पण लवंग? कालवणात लवंग नव्हती, मेल्विनला विचारलं. आणि बाकीच्या तीन ग्लासांत नुसतं सफरचंद.
मेल्विन जाम भडकलाय. मावशी मिस्सा नको म्हणतेय. "तो हाय. जित्या मानसाच्या आत्म्याची मिस्सा करतान काय?" कालपासून धक्क्यावर बसून आहे, पोटात अन्नाचा कण नाही.
मेल्विन म्हणाला, "तू बोललास, तूच निस्तर. सर्दी होती म्हणून सांग."
बारा वर्षांत वासाबद्दल खोटं बोललो नाही. शेठशीही नाही. पण ती अशीच बसून राहिली तर जाईल बिचारी. उद्या जातो.

शनि, ११ जाने.
सकाळी अकरा. नवी बाटली. मावशीने काकांचं ताट मांडलं, ग्लास स्वतः भरला. मेल्विन समोर उभा.
नाकाशी नेला. या वेळी विडी पेटलेली. धूर. आणि ऊब, कुणीतरी आत्ताच तोंड लावून ठेवल्यासारखी. ग्लास हाताला गार होता. मी घाबरलो, सरळ लिहितो.
म्हटलं, "हिरवं सफरचंद. लिंबू. बाकी काही नाही. परवा मला सर्दी होती, मावशी."
ग्लास खाली ठेवला. ती बघत राहिली. मग "बरा" म्हणाली. मेल्विन लगेच फादरना फोन करायला बाहेर गेला.
मी पिशवी आवरत होतो. मावशी जवळ आली, हळूच म्हणाली, "मंग घोट का न्हाय घेतलास?"
चपला घालून निघालो.

रवि, १२ जाने.
मिस्सा साडेनऊला. मी जाणार नव्हतो. आठला मेल्विनचा फोन. मावशी काळी साडी नेसून दारात बसलीय, उठत नाही. म्हणते, आधी तुझ्या मित्राला बोलव, त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगायचं, मग चर्चला येते.
मेल्विन रडत होता. "सांगशील ना नीट?"
येतो म्हटलं. रिक्षात बसून हे लिहितोय, उत्तन नाका आला. काय सांगणार आहे, अजून ठरलं नाही.