मळवट पॉइंट

२ नोव्हेंबर, रविवार

पेपरच्या पुरवणीसाठी पोलादपूरच्या वरचा नवा झुलता पूल पाहून आलो. पाहून म्हणजे — मधोमध पोचेपर्यंत दोन्ही हातांनी दोर धरून, डोळे मिटून. उघडले तेव्हा खाली सावित्रीचं वळण, समोर घाटाचा रस्ता, आणि पलीकडच्या हिरव्या डोंगरावर उभा तांबडा पट्टा. देवीच्या कपाळी मळवट भरावा तसा! वाक्य जागीच सुचलं. संस्कृतात एम.ए. केलेल्या माणसाला डोंगर दिसत नाही, उपमा दिसते.

पुलाच्या तोंडाशी तुळसाबाईंची चहाची टपरी. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. बाकडं दरीकडे पाठ करून मांडलेलं. मी चिडवलं, तालुक्यातला सगळ्यात सुंदर देखावा आणि तुम्ही पाठ फिरवून? म्हणाल्या, "माझा बघून झालाय." विनोद आवडला. वहीत टिपून घेतला.

५ नोव्हेंबर

लेख पहिल्या पानावर. मळवटाचं वाक्य मोठ्या टायपात, शेवटी तुळसाबाईंचा विनोद. संपादकांचा फोन — "काय उपमा आहे, राव." दिवसभर स्वतःवर खूश.

९ नोव्हेंबर, रविवार

कशाला गेलो परत! स्तुती ऐकायला, दुसरं काय.

पूल-समितीतल्या किशोरने पाटी लावली आहे. निळ्यावर पिवळी अक्षरं — 'मळवट पॉइंट'. खाली माझं वाक्य, माझं नाव. समोर फोटोसाठी रांग. "सर, तुमच्यामुळं गर्दी वाढली." टपरीवर एका पाहुणीने विचारलं, "मावशी, तो मळवट नीट कुठून दिसतो?" तुळसाबाईंनी मान न वळवता हात मागे केला. बरोब्बर तिकडेच.

मी निघालो तर त्यांची सून सारिका ग्लास विसळायचे सोडून मागे आली. हळू बोलली. "सर, त्या तांबड्या पट्ट्याखाली आमची वाडी हाय. तीन पावसाळ्यांमागं दरड आली. सासरे गुरं सोडायला गोठ्यात गेलेवते. तिसऱ्या दिवशी घावले." मग म्हणाली, "तुमचा लेख मीच वाचून दाखवला आईंना. मळवटाशी आले नि पुढचं वाचवंना. त्याच म्हणाल्या, वाच."

वाटेत कुठे काय लागलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं, बाईंचं कपाळ मोकळं होतं. पहिल्या दिवशीही. डोंगराला कपाळ दिलं मी, आणि समोरचं कपाळ पाहिलं नाही.

१० नोव्हेंबर

किशोरला फोन केला, पाटी काढ. म्हणाला, "लोकांना आवडलीय सर. नि वाक्य तर तुमचंच."

१२ नोव्हेंबर

संपादकांना माफीच्या चार ओळी पाठवल्या. उत्तर — चूक काय आहे त्यात? उपमा ती उपमा.

गेल्या आठवड्यात मीही असंच म्हणालो असतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाना घेऊन स्वतः गेलो. पाटी उतरवली. चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला — पाऊण तास गेला. किशोर बघत उभा. अडवलं नाही, हातही लावला नाही.

मग टपरीसमोर गेलो. क्षमायाचनेचं वाक्य घरून रचून नेलं होतं, चांगलं तीन ओळींचं. त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, "तुळसाबाई, चुकलं माझं. तिथं माणूस गेला हे मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी चहा गाळला. ग्लास माझ्यापुढे ठेवला.

"ठाव कसं असंल, भाऊ? तवा बी पेपरात तुमीच लिवलंवतं."

१६ नोव्हेंबर

जुनी कात्रणं काढली. तीन पावसाळ्यांमागच्या जुलैतलं सापडलं. दोन ओळी, घरात बसून फोनवर विचारून दिलेल्या. 'वाडीवर किरकोळ दरड. जीवितहानी नाही. — वार्ताहर, पोलादपूर.'

पोलादपूरला आमच्या पेपरचा वार्ताहर एकच आहे.