बार्बिकनचा पत्ता

किंग्स्टन, १२ मार्च

प्रिय वेल्मामावशी,

आम्ही मजेत. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण जीभ ठणठणीत आहे. ईस्टरला चीजबरोबर खायचा गोड बन तिने आत्ताच आणून ठेवलाय, चीज मात्र मीच आणायचं असा हुकूम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे माझे निरोप तू वाचतेस आणि गप्प बसतेस, म्हणून कागदावर लिहितेय.

बातमी अशी की नोकरीच्या अर्जावर तुझा बार्बिकनचा, शहराच्या श्रीमंत टोकाचा पत्ता घालणं मी बंद केलंय. आपल्या गल्लीचं, कॅलाबॅश लेनचं नाव वाचलं की साहेबलोक अर्ज बाजूला टाकतात, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण वर्षभरात बार्बिकनच्या पोरीलाही कुणी बोलावलं नाही. शेवटी मैत्रीण केरीश म्हणाली, नुसते अर्ज भिरकावू नकोस, तुला हवं ते काम करणाऱ्या माणसांशी बोल. मग बंदरात मी रोजंदारीवर जाते तिथे मालाची कागदपत्रं कुठे अडतात आणि मी ती कशी सोडवते, ते लिंक्डइनवर लिहायला लागले. अनोळखी लोकांना प्रश्न विचारले, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. नावाखाली सरळ लिहिलं, कॅलाबॅश लेन, किंग्स्टन. आई म्हणाली, "बरं केलंस. आपण काय चोऱ्या करून राहतो इथं?"

एका मालवाहतूक कंपनीतले लिंडोसाहेब ते वाचत होते. परवा त्यांनी मुलाखतीला बोलावलं. गल्लीत गोळीबार झाला तर कामावर कशी येणार, म्हणाले. मी म्हटलं, बंदर आमच्या दारात आहे, रस्ते बंद झाले तरी चालत येईन, बार्बिकनहून कोण येतंय ते बघा. ते हसले. मग त्यांनी माझा गेल्या वर्षीचा अर्ज पुढे सरकवला. त्यावर तुझा पत्ता होता.

"या दोन पत्त्यांतला खोटा कुठला?"

लपवण्यात अर्थ नव्हता, मावशी. सरळ सांगितलं, ते माझ्या मावशीचं घर, मी तिथे एक रात्रही राहिलेले नाही. त्यांनी तुझं नाव विचारलं. ते तुला ओळखतात, लिंक्डइनवर तुम्ही एकमेकांशी जोडलेले आहात. तिथे जोडून घ्यायची माझी विनंती मात्र तू जानेवारीपासून तशीच ठेवलीयस. तेव्हा फोनवर तू जे म्हणालीस ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. "पत्ता हवा तर घे, पण तिथं मला मावशी म्हणून चिकटू नकोस. तिथं माझी हापिसातली माणसं असतात." त्या दिवशी मी खूप रडले. आता रडत नाही, राग येतो.

सोमवारी लिंडोसाहेब तुला फोन करतील. मी खरं बोलले का, एवढंच विचारतील, आणि नोकरी त्यावरच ठरेल. तुला गळ घालायला हे पत्र नाही. तू हात झटकलेस तर मी आणखी दहा जणांना लिहीन, याच गल्लीतून. फक्त मी काय सांगितलंय ते तुला ठाऊक असावं. मावशी मूळची बार्बिकनचीच का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही साहेब, आमच्याच गल्लीतली, माझ्या आईच्याच खाटेवर निजून मोठी झाली.

आता काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी,
तमोया